एकट्याने धावायची शर्यत

शर्यत म्हटली की निदान दोघे तरी हवेत, अशी आपली समजूत असते. ससा असेल तर कासव हवे. धावपट्टीवर आठजण ओळीने वाकलेले हवेत, आणि पुढच्याच्या पाठीकडे पाहत मागच्याने दातओठ खाल्ले पाहिजेत. ज्या शर्यतीत धावणारा एकटाच आहे, ज्याच्या पुढे कोणी नाही आणि मागेही कोणी नाही, तिला शर्यत म्हणावे की सराव? मोटारींच्या जगात अशी एक शर्यत गेली कित्येक वर्षे चालत आलेली आहे. ‘टाइम अटॅक’ हे तिचे नाव. ‘वेळेवर हल्ला’ असे भाषांतर करून पाहिले. पण ते उशिरा आलेल्या एस.टी.वर प्रवाशांनी केलेल्या हल्ल्यासारखे वाटू लागले. तेव्हा मूळ नावच बरे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने, त्यातही मराठी विषय घेतलेल्या मुलीने, मोटारींच्या शर्यतीवर का लिहावे, असे काही मैत्रिणींनी विचारलेच. आमच्या घरी गॅरेज आहे, हे त्याचे एक उत्तर. माझा थोरला भाऊ पुणे-नाशिक महामार्गावरच्या एका फाट्यावर गाड्या दुरुस्त करतो आणि मी अकरावीपासून त्याच्या बिलांच्या वह्या लिहिते. दुसरे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

वास्तविक खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना एकट्याची शर्यत समजावून सांगण्याची गरज पडू नये. सातारा-सांगलीकडे बैलगाड्या शेजारी शेजारी सुटतात. पण आपल्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. निशाण पडते, गाडा घाट चढून जातो, वर घड्याळ थांबते आणि कर्ण्यावरून सेकंद व सेकंदाचे शतांश पुकारले जातात. की पुढची बारी. ज्याची वेळ सर्वांत कमी तो घाटाचा राजा. थापलिंगच्या यात्रेत हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बैलांना समोर दुसरी जोडी दिसतच नाही. हरवायचे असते ते घड्याळाला. जपानी लोकांनी मोटारीच्या बाबतीत हेच केले. त्यांनी ते आपल्याकडून उचलले, असा माझा दावा नाही. तसे म्हटले तर पुढच्या अंकात इतिहास विभागाकडून खुलासा मागितला जाईल.

तोक्योच्या उत्तरेला इबाराकी प्रांतात त्सुकुबा नावाचा एक शर्यतीचा ट्रॅक आहे. तो १९७० साली सुरू झाला. लांबी अवघी २.०४५ किलोमीटर. आपल्या नोइडाजवळच्या बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे, म्हणजे त्याच्यापुढे त्सुकुबा निम्म्यालाही पुरत नाही. फॉर्म्युला वनच्या तारांकित मंडळींचे तेथे काही काम नाही. पण रस्त्यावर धावण्यासाठी कारखान्यातून निघालेली मोटार आपल्या हाताने सुधारून तिचा कस पाहणाऱ्या लोकांची ही पंढरी आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी ते तेथे जमतात. थंडीच का? थंड हवा दाट असते. तेवढ्याच जागेत तिच्यात प्राणवायू अधिक मावतो, आणि टर्बोचार्जर ती हवा दाबून इंजिनात कोंबतो. एकच इंजिन एप्रिलच्या दुपारी वेगळे आणि जानेवारीच्या सकाळी वेगळे. आमच्याकडे येणारे रिक्षावालेही थंडीत ‘गाडी पळते’ असे म्हणतात. त्यांनी पदार्थविज्ञान वाचलेले नसते, एवढेच.

प्रत्यक्ष शर्यत फार थोडक्यात आटोपते. एक फेरी टायर तापवण्यासाठी हळू मारायची. दुसरी फेरी हल्ल्याची. तीच मोजली जाते. तिसरी इंजिन आणि ब्रेक थंड करण्यासाठी, आणि मग गाडी पुन्हा आपल्या जागेवर. या शर्यतीत वापरायचे टायर मऊ रबराचे असतात. त्यांची खरी पकड एखाद-दुसऱ्या फेरीपुरतीच टिकते. म्हणजे वर्षभर रात्री जागून जे काही केले, त्याचा निकाल मिनिटभरात लागतो. पहिल्या वळणावर ब्रेक किंचित उशिरा दाबला, शेवटच्या लांबलचक उजव्या वळणात चाक कडेच्या मातीला लागले, की गेली फेरी. दोष द्यायला शेजारचा गाडीवाला नाही, कोणी आडवे आले नाही, कोणी धक्का दिला नाही. आपल्याकडे परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज तरी भरता येतो. त्सुकुबात ती सोय नाही.

एकेकाळी या ट्रॅकवर एका मिनिटाच्या आत फेरी मारणे ही मोठी गोष्ट समजली जाई. मग ती भिंत पडली. २००७ च्या सुमारास ‘एचकेएस’ या कारखान्याने मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ही चार दारांची, दिसायला अगदी संसारी अशी मोटार घेऊन तिची ‘सीटी२३०आर’ नावाची गाडी केली आणि ५३ सेकंदांच्या घरात फेरी मारली. चालक होता नोबुतेरु तानिगुची. आता तर पन्नास सेकंदांचाही उंबरठा ओलांडला गेला आहे. पन्नास सेकंदांत फेरी म्हणजे वळणांसकट ताशी सरासरी १४७ किलोमीटर. त्या वेगाला सेकंदाच्या एका दशांशात गाडी सुमारे चार मीटर पुढे जाते, म्हणजे जवळजवळ आपल्याच लांबीइतकी. एवढ्यासाठी माणसे वर्ष घालवतात. ‘एवढ्यासाठी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण आमच्या आईचाही प्रश्न तोच असतो.

यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. पैसेवाल्याने महाग गाडी घेतली आणि वेगाने पळवली, त्यात कसले कौतुक? हा आक्षेप मला मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी जपानातील या गाड्यांच्या इतिहासाकडे थोडे वळले पाहिजे.

१९८९ पासून जपानी मोटार कारखान्यांत एक अलिखित करार होता: २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकदीची मोटार देशात विकत असल्याचे कोणी जाहीर करायचे नाही. हा करार २००४ पर्यंत पाळला गेला. शिवाय ताशी १८० किलोमीटरच्या पुढे गाडी जाऊ नये म्हणून इंजिनालाच अटकाव केलेला असे. आता गंमत पाहा. निसान स्कायलाइन जीटी-आरचे २.६ लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन असो, नाही तर माझदा आरएक्स-७ चे पिस्टन नसलेले रोटरी इंजिन असो, त्यांची अंगची ताकद बरीच अधिक होती. कारखान्याने ती बांधून ठेवली होती. बांधलेले सोडवण्यासाठी जी माणसे पुढे आली, त्यांना ‘ट्यूनर’ म्हणतात. त्यांची परंपरा या कराराहूनही जुनी. एचकेएसचे संस्थापक हिरोयुकी हासेगावा यांनी १९७३ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये इंजिने सुधारायला सुरुवात केली. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये इंजिन उघडून बसलेला माणूस हे चित्र आपल्याला मुळीच परके नाही. आमच्या गावात असे तिघे आहेत. फरक एवढाच की त्यांच्यापुढे त्सुकुबा नाही.

जपानातही सगळे काही सोवळ्यातले होते असे नाही. तोक्योच्या खाडीलगतच्या द्रुतगती मार्गावर १९८० आणि १९९० च्या दशकांत रात्री-बेरात्री या सुधारलेल्या गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावत. त्या वेडाचा कळस १९९८ साली झाला. काझुहिको ऊर्फ ‘स्मोकी’ नागाता हा नामवंत ट्यूनर आपली टोयोटा सुप्रा घेऊन थेट इंग्लंडला गेला, तेथील ए-वन या सार्वजनिक रस्त्यावर ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे गेला आणि पोलिसांच्या हाती सापडला. या माणसाचे हात सोन्याचे होते याबद्दल शंका नाही. पण त्या रात्रीने काय सिद्ध केले? सरळ रस्त्यावर गाडी जोरात जाते, एवढेच. ती वळते का, थांबते का, तिची मागची चाके घसरतात तेव्हा सावरते का, यातले काहीही त्या आकड्यात नव्हते. समोरून कोणी आले नाही, हा केवळ योग.

बंद ट्रॅक आणि घड्याळ यांनी या वेडाला शिस्त लावली असे माझे मत आहे. ती पोलिसांनी लावली नाही, उपदेशाने तर नाहीच नाही. घड्याळासमोर नुसती ताकद चालत नाही. त्सुकुबासारख्या आखूड, वळणावळणाच्या ट्रॅकवर जास्त अश्वशक्तीची गाडी कमी अश्वशक्तीच्या, पण हलक्या आणि नीट बसवलेल्या गाडीकडून मार खाते. मग ट्यूनर इंजिनावरून खाली उतरतो. स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक, चाकांचे कोन, वजनाची वाटणी हे सगळे पाहू लागतो. पुढच्या बंपरखाली जमिनीला चाटणारी फळी आणि मागे मोठा पंख कशासाठी, हे त्याला कळते: हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते आणि त्यामुळे ती वळणात अधिक वेगाने जाऊ शकते. आपल्याकडे डिकीवर शोभेचे पंख लावलेल्या मोटारी दिसतात. त्यांतला एखादा जरी हवेचा विचार करून बसवलेला असला तरी मी या लेखाचे मानधन त्याला देईन. (मानधन नाही, हे संपादकांनी आधीच सांगितले आहे.)

जपानातच दुसरी एक मोटारकला फोफावली: ड्रिफ्ट, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळण काढणे. तिच्या ‘डी-वन’ नावाच्या स्पर्धेचा २००१ सालचा विजेता हाच तानिगुची. ड्रिफ्ट दिसायला फार देखणी. धूर, टायरांचा आक्रोश, प्रेक्षकांच्या टाळ्या. पण तिथे परीक्षक बसतात आणि गुण देतात. गुण देणारा आला की त्याच्यासाठी नटणे आले. आमच्या वक्तृत्व स्पर्धांत हे सर्वांनी पाहिलेले आहे. घड्याळापुढे नटून उपयोग नाही. त्सुकुबाची उत्तम फेरी अनोळखी माणसाला कंटाळवाणी वाटते म्हणतात, कारण चांगला चालक काहीच करताना दिसत नाही. गाडी घसरत नाही, किंचाळत नाही, नुसती जाते.

आता आपल्या रस्त्याकडे येते.

संध्याकाळी महाविद्यालय सुटल्यावर महामार्गावर जे चालते ते सर्वांना ठाऊक आहे. सायलेन्सर कापलेल्या दुचाक्या, बंदुकीसारखे बार काढणारी इंजिने, पेट्रोलपंपापासून पुलापर्यंतच्या पैजा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वाणिज्य शाखेचा एक मुलगा अशाच एका पैजेत, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. तो वाचला. पायात सळई आहे, आणि यंदा परीक्षेला तो बसलेला नाही. त्यानंतर फाटकावर सूचना लागली की आवाज करणाऱ्या गाड्या आवारात आणू नयेत. सूचना योग्यच आहे. फक्त आता त्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात.

त्या मुलाच्या दुचाकीचा सायलेन्सर माझ्या भावाने कापलेला होता. बिलाच्या वहीत माझ्याच अक्षरात तशी नोंद आहे: ‘सायलेन्सर काम, ८००’. मी दादाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मी नाही केलं तर पुढच्या फाट्यावर करतील.” हे खरे आहे आणि म्हणूनच ते मला जास्त खुपते. दादाला ते काम आवडत नाही. आवाजाने गाडीची ताकद वाढत नाही, उलट बेफाम कापलेल्या नळीने कधी कधी कमी होते, हे तो गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. गिऱ्हाईक म्हणते, “वाढू दे नाय तर कमी होऊ दे, वाजली पाहिजे.” याच माणसाने पलीकडच्या लेथवाल्याच्या मदतीने एका जुन्या मारुती आठशेचे इंजिन रात्री बसून असे बांधले होते की तिच्या मालकाने गाडी विकायचा विचार सोडून दिला. हेड किती घासायचे, टॅपेट किती ठेवायचे, पेट्रोल-हवेचे प्रमाण कोणत्या चढावर पाहायचे, हे तो कानाने ठरवतो. त्या कामाचे मोल किती, हे मोजायला आमच्याकडे काहीही नाही. आवाज मात्र अर्ध्या तालुक्याला ऐकू जातो. जे मोजता येत नाही त्याचे गिऱ्हाईक नसते आणि जे ऐकू येते त्याचे असते. या लेखाचे दुसरे कारण हे.

कोणी म्हणेल, गाडीत बदल करणे हाच मुळी गुन्हा आहे, मग त्याचे गोडवे कशाला? कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८, यातील कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक स्पष्ट केले. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे. ही दोन्ही कलमे मला पूर्णपणे मान्य आहेत. रस्त्यावर माझी आई चालते, शाळेची मुले चालतात. तेथे कोणाच्याही हुन्नराची परीक्षा नको. पण या सगळ्याचा रोख रस्त्यावर आहे. ट्रेलरवर घालून बंद मैदानात नेलेली, तिथेच धावणारी आणि ट्रेलरवरूनच परत येणारी गाडी हा प्रश्न निराळा. देशात मोटारशर्यती कायदेशीरपणे होतातच. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. ज्या करिवर्धन यांच्या नावाने तो ओळखला जातो त्यांनी मारुतीचे इंजिन बसवून एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि कित्येक मुलांना स्वस्तात शर्यतीत आणले. त्याआधी मद्रासजवळच्या शोलावरमला महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर घरगुती सुधारलेल्या गाड्या धावत. म्हणजे दक्षिणेकडे यासाठी जागा झाली. चाकणला मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र, बजाज यांचे कारखाने आहेत; आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे काके-मामे तेथे पाळीला जातात. आणि त्याच चाकणवरून पुढे आलेल्या महामार्गावर, आपण बनवलेली गाडी किती चांगली आहे हे पाहायला या मुलांना पेट्रोलपंप ते पूल एवढीच जागा सापडावी, हे मला लाजिरवाणे वाटते.

बैलगाड्यांचे उदाहरण पुन्हा देते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या बाजूने जे आक्षेप होते ते मला आजही क्षुल्लक वाटत नाहीत. बैलाला कोणी विचारून गाड्याला जुंपत नाही. पण त्या निमित्ताने परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, चाबकाला बंदी ह्या गोष्टी कागदावर तरी आल्या. इंजिनाला वेदना नसते. मग त्याच्यासाठी नियम करणे तर अधिक सोपे असायला हवे.

आणखी एक आक्षेप आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी घेतला आणि तो मात्र मला सहज झटकता आला नाही. ते म्हणाले, कोणताही खेळ मोजता येऊ लागला की पैसा त्यात शिरतो आणि गरिबाला बाहेर काढतो. टाइम अटॅकचेही तसे झालेच आहे. २०१० साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ईस्टर्न क्रीक येथे ‘वर्ल्ड टाइम अटॅक चॅलेंज’ सुरू झाली. पहिल्या वर्षी जपानहून गेलेल्या ‘सायबर इव्हो’ने ३.९३ किलोमीटरची फेरी १ मिनिट ३०.५८७ सेकंदांत मारून सर्वांना थक्क केले. २०१९ मध्ये पोर्शे ९६८ वरून उभारलेल्या ‘आरपी९६८’ या गाडीने तीच फेरी १ मिनिट १९.८२५ सेकंदांत मारली. नऊ वर्षांत जवळजवळ अकरा सेकंद! पण ही दुसरी गाडी पाहिली तर तिच्यात मूळ मोटारीचे काय उरले असा प्रश्न पडतो. अंगावर कार्बन फायबर, मागे घराच्या पडवीएवढा पंख, आणि इंजिनाचा ठोकळाही धातूच्या अखंड लादीतून कोरलेला. दुकानातून आणलेल्या गाडीला माणसाने हात लावला, ही जी यातली मूळ गंमत, ती इथे पुसट होते. मला सायबर इव्हो अधिक आवडते, हे सांगून टाकते. ती निदान मोटारीसारखी दिसते.

पण सरांचे म्हणणे पुरते खरे नाही. त्याच सिडनीच्या स्पर्धेत क्लबस्प्रिंट, ओपन, प्रो-ॲम, प्रो असे वर्ग पाडलेले आहेत, आणि खालच्या वर्गात थोडेफार बदल केलेली, हौशी माणसाने चालवलेली गाडी आपल्यासारख्यांशीच मोजली जाते. शिवाय त्सुकुबात सुझुकी नावाचा एक माणूस आहे. सगळे त्याला ‘अंडर’ सुझुकी म्हणतात. हा कोणत्या कारखान्याचा पगारी चालक नव्हे. निसान सिल्व्हिया एस-१५ ही गाडी त्याने वर्षानुवर्षे आपल्या गॅरेजात स्वतः घडवली, हवेच्या दाबाचे गणित जाणकाराकडून करून घेतले आणि ट्रॅकवर स्वतःच चालवली. मोठ्या कारखान्यांनी अभिमानाने मिरवलेल्या वेळा या माणसाने मागे टाकल्या. त्याची गाडीही आता राक्षसासारखी दिसते, हे कबूल. खर्चही त्याने काही थोडा केलेला नसणार. परंतु एका कारखान्याचे सारे अभियंते एका बाजूला आणि रात्री गॅरेजचा दिवा जाळणारा एक माणूस दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये निर्णय द्यायला फक्त घड्याळ. अशी न्याय्य लढत दुसऱ्या कोणत्या खेळात होते, हे सरांनी मला सांगावे. क्रिकेटमध्ये तर नाहीच.

पेट्रोलच्या नासाडीचे बोलाल, तर मोजून तीन फेऱ्या मारणाऱ्या गाडीपेक्षा रोज संध्याकाळी चहाच्या टपरीसमोर जागच्या जागी रेस करणाऱ्या दहा दुचाक्यांकडे आधी पाहा.

मागणे मोठे नाही. त्सुकुबा बांधा असे कोणी म्हणत नाही. औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या दिवशी रिकामे पडणारे मोठे डांबरी वाहनतळ आहेत. त्यांतले एखादे, मालकाच्या आणि पोलिसांच्या लेखी परवानगीने, वर्षातून दोन रविवार मिळाले, तर रबरी शंकू मांडून अर्ध्या-पाऊण किलोमीटरची वळणांची वाट आखता येते. वेग ताशी साठ-सत्तरच्या पुढे जाणारच नाही अशी वळणे ठेवायची. एका वेळी एकच गाडी. आधी ब्रेक, टायर, स्टिअरिंगची तपासणी. ती झाल्याशिवाय आत सोडायचे नाही. हेल्मेट सक्तीचे. सायलेन्सर कापलेला असेल तर तपासणीतच परत. रुग्णवाहिका उभी. प्रत्येकाला तीन फेऱ्या, तीनही वेळा फळ्यावर, आणि गाडी ज्याने बांधली त्या मिस्त्रीचे नाव चालकाच्या नावाशेजारी. हे शेवटचे कलम मी माझ्या घरासाठी घातले आहे असे कोणी म्हणाले तर म्हणू द्या.

जिमखाना विभागाला मी हे लेखी दिले आहे. ‘विचाराधीन’ असे उत्तर आले. वाणिज्य शाखेच्या त्या मुलाला मी याविषयी सांगितले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “कुबड्या घेऊन घड्याळ धरता येतं का?” मी म्हटले, येते. दादा वाट आखायला येईन म्हणाला आहे. शंकू रस्त्याच्या ठेकेदाराकडून भाड्याने मिळतात. आणि शतांशापर्यंत वेळ धरणारी, भांडणाला न भिणारी माणसे हवी असतील, तर घाटावर दरवर्षी हेच करणारे चार-पाचजण आपल्याच महाविद्यालयाच्या तृतीय वर्षात आहेत. त्यांची नावे मी अर्जाला जोडली आहेत.